‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ ही पाटी कुणीही लावू शकतो: आमच्या घरी काय घडलं

औषधाचं दुकान टाकायचं तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. पण ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ अशी पाटी लावायची, लोकांच्या घरातल्या सगळ्यात नाजूक गोष्टी ऐकून घ्यायच्या, त्याचे पैसे घ्यायचे आणि कुठला माणूस कुठे नेऊन ठेवायचा हेही आपणच ठरवायचं, यासाठी प्रत्यक्षात कुणी काही विचारत नाही. माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत आम्ही हे पैसे मोजून शिकलो. माणूसही थोडक्यात वाचला. त्या गृहस्थांचं आणि केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सगळीकडे साधारण हीच असते, म्हणून ती नीट सांगते.

दादाचं पिणं जुनं. नोकरी सांभाळून पिणारा माणूस, त्यामुळे बरीच वर्षं घराबाहेर कुणाला पत्ता लागला नाही. मग सकाळी उठल्या उठल्या हात थरथरायला लागले आणि ती थरथर थांबवायला सकाळचा पेग सुरू झाला. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. वहिनी पार थकली होती. अशात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक आलं: दारू सोडवा, पेशंटच्या नकळतही शक्य, १०० टक्के गॅरंटी, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रधारक समुपदेशक, नोंदणीकृत संस्था.

पहिली भेट मोफत होती. ‘सर’ बोलायला फार गोड. स्वतः पूर्वी प्यायचे, रस्त्यावर आले होते, आता इतकी वर्षं थेंब नाही, हे सगळं त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. वहिनीला म्हणाले, “ताई, डॉक्टरला काय कळणार? जो जळलाय त्यालाच चटका माहीत.” वहिनी तिथेच रडायला लागली. इतक्या वर्षांत तिचं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्याला हात देणं यात काही गैर नाही. १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ त्यावरच उभी आहे. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही १९८६ पासून व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनी इतरांसाठी काम केलंय. पण एएच्या मीटिंगला कुणी फी घेत नाही, आणि चांगल्या केंद्रात अशा समुपदेशकाच्या पाठीशी डॉक्टर असतात. त्याचं चुकलं तर त्याला विचारणारं कुणीतरी असतं. आमच्या सरांच्या डोक्यावर कुणीच नव्हतं.

त्या भेटीत काय विचारलं गेलं आणि काय नाही, हे मी नंतर वहिनीबरोबर बसून लिहून काढलं. पगार किती, फ्लॅट कुणाच्या नावावर, पीएफ काढता येतो का, गावाकडे जमीन आहे का, हे सगळं विचारलं. दिवसाला किती पितात, शेवटचा पेग कधी घेतला, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, कावीळ झाली होती का, झोपेच्या गोळ्या घेतात का, यातलं एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची साधी प्रश्नावली आहे. दहा प्रश्न, जास्तीत जास्त ४० गुण, आणि त्यावरून पिणं कितपत धोक्याचं झालंय याचा अंदाज येतो. ती भरून घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पुढे सरकारी हॉस्पिटलमध्ये दादाकडून पहिल्यांदा भरून घेतली गेली ती तीच.

मग ‘पॅकेज’ निघालं. सहा महिन्यांचं, दीड लाखाचं. दोन हप्ते चालतील, पण आज अर्धे भरले तर सवलत. पहिला टप्पा ‘नकळत उपचार’, म्हणजे पुड्या. जेवणात मिसळायच्या आणि पेशंटला सांगायचं नाही. मी फोनवर विचारलं की यात काय आहे, तर “मॅडम, शंभर टक्के आयुर्वेदिक.” पुडीवर ना उत्पादकाचं नाव, ना बॅच नंबर, ना तारीख.

इथे जरा थांबते, कारण असल्या जाहिराती अजून भिंतीभिंतींवर आहेत. दारू सोडवायला देतात असं डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, आणि हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ते पेशंटला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. त्याच्या नकळत देऊ नये हा त्या औषधाचा पहिलाच इशारा आहे. आमच्या पुड्यांत नेमकं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण एका रात्री दादा पिऊन आला आणि लालबुंद होऊन कोसळला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यांना न सांगता काही देताय का?” वहिनीने उरलेल्या पुड्या दाखवल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

सरांना फोन केला तर ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, “औषध लागू पडतंय, पण केस गंभीर आहे. आता ॲडमिटच करावं लागेल.” केंद्र त्यांच्या ‘ओळखीचं’ होतं. पुढे कळलं की पेशंट पाठवण्याबद्दल त्यांना तिथून ठरलेली रक्कम मिळायची. म्हणजे पेशंट घरी राहून बरा झाला असता तर सरांचं नुकसान होतं.

पहाटे गाडी आली. चार माणसं उतरली आणि झोपेतल्या दादाला दंडाला धरून घेऊन गेली. या धंद्यात याला ‘पिकअप’ म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे लावतात. वहिनीकडून एका छापील कागदावर सही घेतली आणि “बायकोची सही झाली की कायदेशीर झालं” असं सांगितलं.

ते कायदेशीर नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्यामुळे पेशंटना ठेवून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्राला या कायद्याखाली नोंदणी लागते. माणसाची स्वतःची संमती नसेल तर कलम ८९ लागतं. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा, अर्ज हवा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या किंवा स्वतःची काळजीच घेऊ न शकण्याच्या टप्प्याला आहे, असं दोघांचं मत हवं. तरीही या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस, आणि पुरुष पेशंट असेल तर सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. दादाला घरातून नेईपर्यंत एकाही डॉक्टरने त्याची नाडी बघितली नव्हती.

केंद्रात गेल्यावर ‘पहिले पंधरा दिवस फोन नाही, भेट नाही’ असा नियम सांगितला. कारण काय, तर घरचा आवाज ऐकला की पेशंट ढिला पडतो. कायद्याच्या कलम २६ मध्ये पेशंटला भेटी आणि फोनचा हक्क दिलेला आहे, हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार?

आत काय झालं ते दादाने नंतर तुकड्यातुकड्यांत सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर मृत्यूही येतो. हे टाळायला डॉक्टर ठरावीक दिवस बेंझोडायझेपिन गटातली, मेंदू शांत करणारी औषधं देतात आणि थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ ची, इंजेक्शनं देतात. ही काही गुपित विद्या नाही. मानसोपचाराच्या कुठल्याही वॉर्डात रोज चालणारं काम आहे. या केंद्रात त्यासाठी दोरी होती. दादा किडे झटकत ओरडायला लागला तेव्हा “नाटक करतोय” म्हणून त्याला खाटेला बांधलं. साखळीने बांधायला कायद्यात सरसकट बंदी आहे. इतर कुठल्याही प्रकारे जखडायचं तर धोका अगदी तोंडावर असताना, दुसरा मार्ग नसताना आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच, शिक्षा म्हणून कधीच नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ नव्हताच, तर परवानगी कोण देणार?

फिट आल्यावर त्यांनी त्याला सरकारी हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि वहिनीला फोन केला. तिथल्या निवासी डॉक्टरांनी त्याला वाचवलं. त्यांनी केंद्राचे कागद मागितले, तर एकही नव्हता. केस पेपर नाही, औषधांची नोंद नाही, साधा रक्तदाबाचा आकडा नाही.

यानंतर मी सरांच्या ऑफिसात गेले आणि त्या भिंतीवरच्या फ्रेमा एकेक करून वाचल्या. तुम्हीही कुठे गेलात तर हे करा, फोटो काढून घ्या. पहिली फ्रेम संस्था नोंदणीची होती, १८६० च्या कायद्याखालची. भजनी मंडळाचीही नोंदणी त्याच कायद्याखाली होऊ शकते. पत्रकातली ‘नोंदणीकृत संस्था’ ती हीच. दुसरी एनजीओ दर्पणची. ते नीती आयोगाचं पोर्टल आहे, तिथे संस्था आपली माहिती भरते आणि तिला एक क्रमांक मिळतो. कुणी येऊन उपचार तपासत नाही. तिसरी ‘उद्यम’, म्हणजे लघुउद्योगाची नोंद, मालकाने स्वतःच ऑनलाइन घोषित केलेली. चौथी आयएसओ ९००१. हे कार्यपद्धतीच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे, बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं. पाचवी सगळ्यात मोठी, सोनेरी शिक्क्याची, ‘इंटरनॅशनल ॲडिक्शन काउन्सेलर’. ऑनलाइन कोर्सची होती. खाली सही होती, पण परीक्षा कुणी घेतली ते नव्हतं. कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या संघटनेशी जोडलेल्या यंत्रणेकडून परीक्षा घेऊन दिलं जाणारं एक खरं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, आयकॅप या नावाने. सरांचं ते नव्हतं.

पाच फ्रेमा, सगळ्या खऱ्या, आणि त्यातली एकही उपचार करण्याची परवानगी नव्हती. मला या माणसाची हुशारी इथे दिसली. खोटं प्रमाणपत्र लावलं असतं तर पकडला गेला असता.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला: “तुमच्याबद्दल तक्रार करायची तर कुणाकडे करायची?” ते हसून म्हणाले, “माझ्याकडेच करा की.”

आणि ते खरं निघालं. डॉक्टर चुकला तर वैद्यकीय परिषद आहे. ती त्याचं नाव रजिस्टरमधून काढू शकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याखाली, आणि ते रजिस्टर कुणालाही तपासता येतं. केंद्र चुकलं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आहे. सर यापैकी काहीच नव्हते. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याच्या गटात समुपदेशक आहेत. पण कायद्याच्या यादीत व्यवसाय असणं आणि आपल्यासमोर बसलेल्या माणसाचं नाव एखाद्या रजिस्टरमध्ये असणं यात फार अंतर आहे. सरांच्या बाबतीत ते अंतर कुणी कधी मोजलंच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये आजही काउन्सेलर हे नाव लावायला कायद्याची अट नाही. तिथे स्वेच्छेने नोंद करायच्या संस्था आहेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र व्यसन समुपदेशकाला राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो आणि त्याच्यावर झालेली कारवाई कुणालाही बघता येते.

काही जण म्हणतात, इतके कडक नियम केले तर माणसं मिळणार नाहीत. त्यात तथ्य आहे. एम्सच्या केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० पैकी एकाला. सरांसारखे लोक जगतात ते याच पोकळीत. सगळ्या समुपदेशकांना एम.फिल. सक्तीचं करा असं माझं म्हणणं नाही. दहावी नापास पण वीस वर्षं सोबर असलेला माणूस उत्तम समुपदेशक होऊ शकतो. पण त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं, आणि त्याने पेशंटला लुबाडलं तर ते खोडण्याचा अधिकार कुणालातरी असावा. एवढं नसेल तर बाकी आचारसंहिता भिंतीवर लावायलाच.

पैसे परत मागितल्यावर सरांचा आवाज बदलला. “साहेबांच्या ऑफिसात माहीत आहे का ते कुठे होते?” समुपदेशनाच्या बैठकी त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या होत्या. शिवाय केंद्राच्या फेसबुक पानावर दादाचा फोटो ‘आधी’ या शीर्षकाखाली टाकलेला सापडला. ‘नंतर’चा मिळायच्या आत हॉस्पिटलात पोचला होता बिचारा. पेशंटच्या माहितीची गोपनीयता मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे आणि फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये हे कलम २४ मध्ये. वकिलांनी नोटिशीत दोन्ही कलमं घातली. फोटो त्याच दिवशी उतरला.

केंद्राच्या नोंदणीबद्दल माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं: या नावाची नोंद नाही. मग लेखी तक्रार केली, तपासणी झाली, दंडाची प्रक्रिया सुरू झाली. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्याचा पहिला दंड पाच हजार ते पन्नास हजार. म्हणजे कमाल दंडसुद्धा आमच्या एका पॅकेजच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पोलिसांनी आधी “हे दिवाणी आहे” म्हणून परत पाठवलं. वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज लिहून दिल्यावर तो घेतला.

ग्राहक आयोगातला मुद्दा सगळ्यात शिकण्यासारखा आहे. सरांनी लेखी जबाबात म्हटलंय की त्यांनी फी घेतलीच नाही. खरंच, आमच्याकडच्या दोन्ही पावत्यांवर ‘देणगी’ लिहिलंय, खाली ८०जी चा क्रमांक आहे. पैसे देताना हे सवलत म्हणून सांगितलं होतं, “टॅक्समध्ये वजावट मिळेल ताई.” वास्तविक दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती वजावटच मिळत नाही, आणि आमच्याकडून तर सगळे पैसे रोखच घेतले होते. खरा उपयोग त्यांचा होता. मोबदला नाही तर ग्राहक नाही, आणि ग्राहक नाही तर तक्रार नाही. तेव्हा पावती हातात आली की आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. फीचं बिल मागा, त्यात कुठल्या सेवेचे किती ते लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका.

आणि पैसे देण्याआधी हेही मागा: केंद्राचा मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, तिथे येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव आणि परिषदेचा क्रमांक, रात्री फिट आली तर कोण येणार त्याचं नाव. शंभर टक्के गॅरंटी म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. उपचारानंतरही चाळीस ते साठ टक्के लोक पुन्हा घेतात असं अमेरिकेची व्यसनसंशोधन संस्था सांगते. रक्तदाब किंवा दम्यातही आजार उलटण्याचं प्रमाण साधारण तेवढंच असतं. कुठे जावं कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेली-मानस १४४१६, दोन्हींना पैसे लागत नाहीत.

दादा आता सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत जातो, गोळ्या घेतो, एएच्या मीटिंगला बसतो. मध्ये एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

प्रकरणाची पुढची तारीख लागली आहे. ‘देणगी’वाल्या जबाबाला उत्तर म्हणून वकिलांनी सरांचे व्हॉट्सॲप मेसेज छापून जोडलेत. एकात ते वहिनीला लिहितात, “पॅकेजचा दुसरा हप्ता आज न भरल्यास सवलत रद्द होईल.” वहिनीने वैतागून ते चॅट पुसायला घेतलं होतं. तिच्या मुलीने तिचा फोन काढून घेतला म्हणून ते राहिलं.